रजेचं कारण

दार उघडलं तेव्हा उज्वलाच्या दोन्ही हातांना बेसन लागलेलं होतं. दारात तिच्या नवऱ्याच्या कंटेनर-यार्डातली तीन माणसं उभी होती आणि तिघांनीही बूट-चपला आधीच काढून भिंतीशी सारून ठेवल्या होत्या. घरात शिरण्यापूर्वी, कुणी या म्हणण्यापूर्वी माणसं अशी अनवाणी कधी उभी राहतात हे तिला माहीत होतं, पण ते कळायला क्षणभर वेळ गेला. पुढे नामदेव फोरमन होते. त्यांनी हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘वहिनी, कळलं आम्हाला. आई गेल्या. फार वाईट झालं.’’ आत गॅसवर तेल तापलं होतं. भज्यांचा पहिला घाणा नुकताच निघाला होता आणि त्याचा वास दारातून जिन्यापर्यंत गेला असणार. तिच्या पाठीमागे, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर, डोळ्यांच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून तिच्या सासूबाई, रणजीतच्या आई, वेणूबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

परवा सकाळी बूथवरून फोन करताना तिला त्या गेल्याच आहेत असं क्षणभर खरंच वाटलं होतं. तिच्या खोटेपणाचा गुणच तो होता. बोलताना तिला ते दिसायचं. रणजीतला ताप आलाय म्हणताना तिच्या तळहाताला त्याचं कपाळ गरम लागायचं. ताप, मग कावीळ, मग जिन्यावरून घसरला, मग पाठीत लचक. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या बाजूला एक पिवळा पीसीओ होता, बाहेर ट्रक पत्रे खडखडवत जायचे आणि ती एका कानात बोट घालून यार्डातल्या टाइमकीपरला, सुभाषला, सांगायची. शाळेत असताना पंधरा ऑगस्टला माइकवर सूचना द्यायला बाई तिलाच उभं करायच्या. स्वच्छ आवाज, न अडखळणारा. लग्नानंतर त्या आवाजाचं काही झालंच नव्हतं, भाजीवाल्याशी आणि कुकरच्या शिट्यांशी बोलण्यात तो विरून गेला होता, तो असा उपयोगाला आला. रणजीतचं काम जसजसं बिघडत गेलं तसतसं तिचं सुधारत गेलं. सुभाष म्हणायचा, ‘‘काळजी घ्या वहिनी. आराम करू दे त्याला.’’ आणि रिसीव्हर ठेवताना तिला आत कुठेतरी बरं वाटायचं, एखादं अवघड शिवण नीट बसल्यासारखं. त्या बरं वाटण्याची लाज तिला पुढे फार वर्षं पुरली.

परवा मात्र सुभाष म्हणाला होता, ‘‘वहिनी, खरं सांगू का, या खेपेला साहेब ऐकायचे नाहीत. टेन्शनमध्ये आहेत. रणजीतचं नाव काढलं तरी भडकतात. घरात कोणी गेलं-बिलं असलं तर गोष्ट वेगळी.’’ तो उगाच बोलून गेला होता. पण रणजीत आदल्या दिवसापासून आतल्या खोलीत पडलेला होता, तोंड उघडं, उशीला ओल, आणि शर्टाला तो आंबूस वास. सुभाषचं वाक्य संपायच्या आत तिच्या तोंडून आलं, ‘‘सासूबाई गेल्या हो.’’ आणि तिचा आवाज खरोखरीचा फाटला. फोन ठेवून ती परत आली तर वेणूबाईंनी चहा करून झाकून ठेवला होता. ‘‘निवला आसंल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘परत तापव.’’

आता दारात नामदेव होते, मागे सुभाष, आणि त्याच्या मागे किसन, उरणकडच्या गावातला सिग्नलमन, रणजीतच्या क्रेनखाली उभा राहून हाताने इशारे करणारा. बेसनाचे हात उज्वलाने पाठीशी नेले. फोनवर पाण्यासारखं वाहणारं तिचं तोंड समोर माणसं दिसताच आटून गेलं. आणि मागून वेणूबाई म्हणाल्या, ‘‘या बाबांनो. बसा. म्या तिची भन. धाकली. साताऱ्यास्नं आलीया.’’

मेथीची जुडी त्यांनी पदराखाली सारली होती. चष्म्यामागचे डोळे दिसत नव्हते. नामदेव खाली सतरंजीवर बसले, बाकीचे दोघे त्यांच्या आड. कशा गेल्या, कधी गेल्या, नामदेवांनी विचारलं, आणि वेणूबाई सांगत राहिल्या. डोळ्याचं ऑपरेशन झालं हुतं. बरी हुती. झोपंतच गेली. माती हितंच पनवेलला उरकली, गावाकडची मान्सं आली नि गेली. ‘‘कुनाला तरास दिला न्हाई तिनं,’’ त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, जणू खरंच कुणा बहिणीची आठवण काढत, ‘‘मालक गेल्यावर एकल्या बाईनं पोरगं वाढवलं. मोट्या मशीनवर बसतंय म्हून समद्या गावाला सांगत फिरायची. त्येला बघाय म्हून आली हितं. बघितलं. मग काय जगायचं हुतं तिला.’’ उज्वलाने मान वर केली नाही. आतल्या खोलीचा पडदा जरासा हलला की काय हे तिला कळलं नाही. किसन पुढे आला आणि वेणूबाईंच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, ‘‘मावशी, दादाला सांबाला. दादाचे क्रेनखाली मी डोले मिटून उभा रेतो. भ्याव नाय वाटत.’’ वेणूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथे फार वेळ राहिला.

नामदेव उठून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. वास त्यांना आला असणारच. परत येऊन ते एवढंच म्हणाले, ‘‘दुःखात माणूस घेतो. चालायचंच. केस नाही उतरवले अजून?’’

‘‘आज उतरवनार हाय,’’ वेणूबाई म्हणाल्या. ‘‘भानावर कुटं हुतं.’’

भज्यांचा वास मधे उभाच होता. तोही त्यांनीच सावरला, शेजारणीनं तळलेलं आणून दिलं, उपाशी बसू नका म्हणाली. माणसं गेली. सुतकाच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं, तसं कुणी म्हटलं नाही. जिन्यावर त्यांची पावलं अनवाणी असल्यासारखी हळू उतरत गेली. वेणूबाईंनी पदराखालची मेथी काढली, एक काडी निवडली, खाली ठेवली. उज्वला त्यांच्या पायाशी बसून रडायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘रडू नगंस. तेल जळतंय बघ.’’

मग त्या आत गेल्या. भिंतीच्या आडून उज्वलाला सगळं ऐकू येत होतं. ‘‘ऊठ. न्हाव्याकडं जा.’’ रणजीतने ऐकलं होतं सगळं, झोपेचं सोंग करून पडला होता. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. ‘‘आई, तू जिवंत असताना मी कसं... नको गं.’’ आणि वेणूबाई, आवाज जराही न चढवता, ‘‘मेले न्हवं आता म्या? चार मान्सांनी ऐकलंय. जा, ऊठ.’’

तो उठला. त्याचा तोल जात होता म्हणून उज्वला त्याच्याबरोबर गेली, रस्त्यापलीकडच्या टपरीत. न्हाव्याने विचारलं, कोण? रणजीत म्हणाला, आई. वस्तरा फिरायला लागला आणि त्याच्या मांडीवर केसांचे पुंजके पडायला लागले तसा तो आरशात स्वतःकडे बघत राहिला. उज्वला बाहेर ट्रकच्या धुरात उभी होती. तिला लग्नातला रणजीत आठवत होता, आणि नोकरीला लागला त्या पहिल्या वर्षीचा. तेव्हा त्याने एकदा तिला यार्डाच्या कुंपणाबाहेरून लांबून त्याचं मशीन दाखवलं होतं. द्रोणागिरीच्या त्या उघड्या, खाऱ्या वाऱ्याच्या जमिनीवर कंटेनरच्या लाल-निळ्या भिंती उभ्या होत्या, आणि त्यातला एक अख्खा पेटारा, खोलीएवढा, हवेत उचलून त्याने दुसऱ्यावर असा ठेवला की आवाजसुद्धा आला नाही. मांजर पिलाला ठेवतं तसा. संध्याकाळी घरी आल्यावर ती त्याचे हात उलटसुलट करून बघत होती. नोकरीच्या त्या दिवसांत तो महिन्यातून एकदा, पार्टी असली की घ्यायचा. मग शिफ्ट संपल्यावर रोज. मग केव्हातरी शिफ्टच्या आधी, कारण न घेता हात थरथरायचा आणि घेतली की थांबायचा. हे त्यानेच तिला एकदा हसत सांगितलं होतं, लिव्हर धरायला हात ठाम लागतो म्हणून, आणि तीही हसली होती. औषधासारखी घेतो म्हणाला. तिथे हसायला नको होतं. पण तिथे काय करायला हवं होतं हे तिला आजही नेमकं सांगता आलं नसतं.

ते तेरा दिवस वेणूबाईंनी पाळले. घराबाहेर त्या पडल्या नाहीत, गॅलरीतसुद्धा आल्या नाहीत, कोणी यार्डातलं बघेल म्हणून. त्या रणजीतच्या खोलीत, त्याच्या अंथरुणाशेजारी पाय पसरून बसायच्या. पहिले काही दिवस वाईट होते. त्याला घाम फुटायचा, भिंतीवर मुंग्या दिसायच्या, तो शिव्या द्यायचा, मग माफी मागायचा. एका दुपारी दार उघडून निघालाच होता तर वेणूबाई उंबऱ्यात आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘वलांडून जा.’’ तो नाही गेला. उज्वला फोडणीशिवायचं वरण आणि भात करायची, कारण वेणूबाईंनी सांगितलं होतं, सुतक म्हणजे सुतक. स्वतःच्या सुतकाचं अळणी जेवण त्या त्याच्याबरोबर बसून जेवत होत्या. हळूहळू त्याच्या डोळ्यांतला पिवळा गढूळपणा उतरला. डोक्यावर खुंट आले. एकदा तर तो आणि त्याची आई कशावरून तरी हसत होते, गावाकडचा कुठला तरी रेडा विहिरीत पडल्याची गोष्ट, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उज्वलाला वाटलं की आपण केलं ते बरंच केलं. खोट्यातून का होईना, चांगलं निघालं. असं वाटून घ्यायला तिला फार आवडलं.

तेराव्यानंतर वेणूबाईंनी बोचकं बांधलं. एसटीत बसताना त्यांनी तिला जवळ ओढलं आणि काळा चष्मा काढून पहिल्यांदाच नीट तिच्याकडे बघितलं. ऑपरेशन झालेला डोळा स्वच्छ, पाणीदार दिसत होता. ‘‘आता खोटं बोलू नगंस, पोरी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्येच्यासाटी तर न्हाईच. शबूद दे.’’ तिने दिला. वेणूबाई परत कळंबोलीला आल्या नाहीत. येणार कशा? मेलेलं माणूस सणासुदीला पिशवी घेऊन कसं येणार? दिवाळीला रणजीत एकटा गावाला जाऊन आला.

काही महिने बरे गेले. बरे म्हणजे घरात बरे. यार्डातलं ती त्याच्या चेहऱ्यावरून वाचायची. न घेता त्याचा हात पूर्वीसारखा नव्हता. तो भीत भीत चालवायचा. एक पेटारा ठेवायला तो इतका वेळ लावायचा की खाली ट्रकवाले हॉर्न मारत, शिव्या घालत. एकदा कोपरा घासला, पत्रा चेपला. नामदेव रागावले नाहीत, ते म्हणाले, ‘‘पूर्वीचा हात राहिला नाही रे तुझा.’’ हे त्याने घरी येऊन सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, जेवताना, आंघोळीहून आल्यावर. नामदेव काळजीनेच बोलले होते. पण माणसाला कुठलं वाक्य कुठे लागेल हे बोलणाऱ्याला कुठे माहीत असतं? पूर्वीचा हात. तो हात कशाने ठाम व्हायचा हे त्या दोघांनाच माहीत होतं. पुढे त्याच्या तोंडाला लवंगेचा वास यायला लागला तेव्हा उज्वलाने काही विचारलं नाही. दात दुखतो म्हणाला. तिने डब्यात लवंगा भरून ठेवल्या.

त्या सकाळी तो पलंगाच्या कडेवर बसला होता, एक बूट घातलेला, एक हातात. लवंगेने तो वास झाकायच्या पलीकडे गेला होता. तो बाथरूममध्ये घेऊन आला होता की पहाटे उठून, तिला कळलं नाही. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘‘फोन कर ना.’’

ती चादरीची घडी घालत राहिली.

‘‘एकदाच. काविळीचं सांग. काय पण सांग. मला आज वर चढवत नाही गं.’’

‘‘आईंना शब्द दिलाय मी.’’

तो तिच्याकडे बघत राहिला. त्यात राग नव्हता. तिने ती नजर नंतर किती वेळा समोर आणून बघितली. विनवणी होती, की हिनेही आता हात काढून घेतला अशी काही समजूत होती, की नुसताच थकवा. मग त्याने दुसरा बूट घातला. नाडी ओवताना एक भोक सुटलं, त्याने तशीच ओढून बांधली. तिला ते सुटलेलं भोक दिसलं होतं. ‘‘येतो,’’ म्हणून तो खाली गेला. गॅलरीतून तिने त्याला कंपनीच्या बसमध्ये चढताना पाहिलं. दांडी धरायला त्याने हात वर केला तो पहिल्यांदा हवेतच मिटला, दुसऱ्यांदा दांडीला लागला. बस गेली.

तिला आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं. शब्द पाळला होता. घरात सकाळचं ऊन पडलं होतं, खाली भंगारवाला ओरडत होता, आणि तिच्या छातीत काहीतरी घड्याळासारखं चालू झालं होतं. तिने केर काढला. डाळ भिजत घातली. मग ती चप्पल घालून निघालीच. बूथवर कुणीतरी गावाकडे मोठ्याने बोलत होतं, ती थांबली. मग तिने रिसीव्हर उचलला. नंबर तिच्या बोटांना पाठ होता. अर्धा फिरवला आणि ती थांबली, कारण काय सांगायचं ते सुचेना. तो तर कामावर पोचायच्या वाटेवर होता. ताप कसा सांगणार? घरात कोणी गेलं, ताबडतोब परत पाठवा? कोण? तिच्या वडिलांचं नाव तिच्या ओठांवर आलं आणि तिने दातांखाली धरलं. वेणूबाईंचा तो स्वच्छ डोळा समोर आला. शब्द दे. कपाळावर घाम आला होता. बूथवाला बघत होता. तिने रिसीव्हर ठेवला, शेजारच्या गाडीवरून कोथिंबिरीची एक जुडी घेतली, जणू त्यासाठीच आली होती, आणि घरी परतली.

संध्याकाळी सुभाष आला. या वेळी त्याने बूट काढले नाहीत. तो दारातच म्हणाला, ‘‘वहिनी, रणजीत ठीक आहे. त्याला काही झालं नाही.’’ आणि रणजीतला काही झालं नाही हे त्याने ज्या तऱ्हेने सांगितलं त्यावरूनच तिला कळलं की दुसऱ्या कुणाला तरी झालंय. ट्रकवर पेटारा ठेवताना खाली किसन कोपऱ्यातलं, पेटारा अडकवायचं लॉक सरळ करत होता. त्याने हात वर केला होता, थांब म्हणून. सगळ्यांनी पाहिला तो हात. पेटारा थांबला नाही. उजवा पाय घोट्याच्या वर... सुभाषने पुढचं सांगितलं नाही. ‘‘किसन वर बघतच नव्हता हो,’’ तो म्हणाला. ‘‘नुसता हात केला. रणजीत आहे म्हटल्यावर बघायचाच नाही तो वर.’’

रणजीतला पोलिसांनी नेलं, मग सोडलं. कंपनीने काढलं. त्यानंतर तो घरात बसला, आणि विचित्र म्हणजे प्यायचा नाही. आता काहीच धरायचं नव्हतं, तर हात थरथरू देत, असं काहीतरी असावं. ती त्याच्याशी बोलायची नाही असं नाही, जेवायला वाढलंय म्हणायची, दार लाव म्हणायची. पण दोघांच्या मधे ती सकाळ बसलेली असायची, एक बूट हातात घेऊन. तू फोन केला असतास तर, असं तो कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला भांडता आलं असतं. एवढ्या वेळा केला तेव्हा काय झालं, असं विचारता आलं असतं. सगळं खोटं ती बोलली तेव्हा कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि एकदाच नाही बोलली तर एका माणसाचा पाय गेला, हे गणित ती दिवसभर घासलेल्या भांड्यासारखं परत परत घासत होती. खोटं बोलायचं की गप्प बसायचं. दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही चुकल्या. यात तिचं समाधान नव्हतं, पण एक प्रकारचा आडोसा होता.

पनवेलच्या हॉस्पिटलात ती गेली ती रणजीतला न सांगता. सोबत मोसंबी नेली होती, ती हातातच राहिली. किसन झोपला होता. अंगावरची चादर एका बाजूला जिथे उंच असायला हवी तिथे सपाट होती. शेजारी स्टुलावर त्याची बायको शेवंताबाई बसली होती, हिरवी पातळं नेसणारी, उंच, काळी, दणकट बाई. तिला एकदा यार्डातल्या पूजेत उज्वलाने पाहिलं होतं. शेवंताबाईंनी तिला ओळखलं. बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पंखा फिरत होता. मग शेवंताबाई तिच्याकडे न बघता, किसनच्या उशीची सुरकुती सारखी करत म्हणाल्या, ‘‘त्या दिसा घरूनच पिऊन गेला व्हता ना त्यो?’’

उज्वलाच्या तोंडात किती तरी वाक्यं तयार होती. नाही हो, त्याला बरं नव्हतं. मला काय माहीत. ती वाक्यं आपोआप, न अडखळता, माइकवर सूचना द्यावी तशी आली असती. तिने ओठ ओले केले. ‘‘हो,’’ ती म्हणाली.

‘‘तुमाला ठाव व्हता?’’

‘‘हो. मला वास आला होता.’’

शेवंताबाईंचा हात उशीवर थांबला. त्या ओरडतील, अंगावर येतील, असं उज्वलाला वाटलं. कदाचित तिला ते हवंही होतं. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न कळणं होतं, एखाद्या साध्या गोष्टीचं.

‘‘मंग सांगाचा व्हता ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘येक फोन कराचा. यो पेलाय, याला आज मशीनवं चरवू नका. येवराच. कुनी पन थांबवला आसता.’’

उज्वला बघत राहिली. अर्धा फिरवलेला नंबर, बोटांखालची ती चकती परत मागे येतानाची करकर, कपाळावरचा घाम, सगळं अंगावर आलं. बूथवर उभं राहून ती एक नवं खोटं शोधत होती. ते सापडलं नाही म्हणून शब्द पाळल्याचं समाधान घेऊन घरी आली. रणजीत प्यायला आहे. एवढेच शब्द. इतकी वर्षं, इतके फोन, आणि ते एकदाही तिच्या तोंडात आले नव्हते. तिच्यापासून ते कुणी लपवून ठेवले नव्हते. तिने ते कधी शोधलेच नव्हते.

पलंगावर किसन हलला. डोळे उघडले, पण औषधाच्या गुंगीत त्याला समोरचं नीट दिसत नसावं. ‘‘कोन हाय गो?’’ त्याने विचारलं.

शेवंताबाईंनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. ‘‘कुनी नाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चुकून आलीय. तू नीज.’’

किसनने डोळे मिटले. शेवंताबाई परत उशी सारखी करायला लागल्या. उज्वला, येते असं न म्हणता, वॉर्डाबाहेर पडली.